रीअलॉक आणि शून्याचा घोळ

प्रोग्रॅम चालू असताना ॲरे (एकापाठोपाठ ठेवलेल्या मूल्यांची यादी) लहान-मोठा करायची सोय जुन्या भाषांत जवळपास नव्हतीच. १९५७ च्या फोरट्रानमध्ये आकार कंपाइल करतानाच, म्हणजे प्रोग्रॅम चालू होण्याआधी, ठरे, आणि ही सक्ती थेट फोरट्रान ९० मध्ये सुटली. अल्गॉल ६० मध्ये ब्लॉकमध्ये शिरताना आकार ठरवता येई, पण एकदा ठरला की ठरला. अल्गॉल ६८ ने 'फ्लेक्स' ॲरे दिले, तर ती भाषाच फारशी कोणी वापरली नाही.

सी ने हे काम भाषेत न घेता लायब्ररीवर सोपवलं. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) मेमरीचा तुकडा (ब्लॉक) मागणाऱ्या मॅलॉकच्या जोडीला त्याचा आकार बदलणारं रीअलॉक आहे, आणि तिथल्या मॅन्युअलमध्ये आज वाचून दचकायला होईल अशी सवलतही आहे: नुकताच फ्री केलेला (परत केलेला) ब्लॉक रीअलॉकला दिला तरी चालेल, फक्त मध्ये दुसरी मेमरी मागितलेली नसावी. सी भाषेच्या १९८९ च्या अधिकृत प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) ती सवलत गेली. पुढच्या भाषांनी पॉइंटरची (मेमरीतल्या पत्त्याची) कटकट आतच ठेवली. सी++ चा व्हेक्टर, जावाची ॲरेलिस्ट, पायथनची लिस्ट, सगळ्या जागा संपली की गरजेपेक्षा मोठा ब्लॉक घेतात. किती मोठा, एवढाच काय तो वाद.

सी मध्ये मात्र रीअलॉकला आकार शून्य दिला तर काय व्हावं, हेच पस्तीस वर्षं मिटलं नाही. १९८९ चं प्रमाण सांगतं की पॉइंटर नल (कुठेच न दाखवणारा) नसेल तर ब्लॉक फ्री होईल. परत नल मिळेल की एखादा वेगळा पॉइंटर, हे लायब्ररीवर सोडलेलं. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत वर्षानुवर्षं चाललेला टर्बो सी हा कंपायलर ब्लॉक फ्री करून नल देतं, लिनक्सवरची सी ची लायब्ररी ग्लिबसीही तेच करते. बीएसडी (युनिक्सचीच एक शाखा) घराण्यातल्या लायब्रऱ्या जुना ब्लॉक सोडून नावापुरता नवा पॉइंटर देतात.

एरवी रीअलॉककडून नल आलं तर मेमरी मिळाली नाही, पण जुना ब्लॉक शाबूत आहे, असं समजायचं. शून्याच्या वेळी तेच नल म्हणतं की जुना ब्लॉक गेला. नेहमीसारखी चूक हाताळणारा कोड मग जुना पॉइंटर पुन्हा फ्री करतो. असा डबल फ्री (एकच ब्लॉक दोनदा सोडणं) हल्लेखोरांच्या हाती लागला की मेमरीत हवं ते लिहिता येऊ शकतं. हे टाळायला तपासणी उलटी केली, म्हणजे नल आलं की ब्लॉक गेलाच असं धरलं, तर खरोखर मेमरी संपल्यावर जुना ब्लॉक तसाच अडकून राहतो.

१९९९ मध्ये प्रमाण ठरवणाऱ्या समितीने 'फ्री होईल' हे वाक्यच काढलं. एकवाक्यता तरीही आली नाही. २०१८ च्या आवृत्तीत हा वापर कालबाह्य ठरवला गेला, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी२३ मध्ये तो थेट अनडिफाइन्ड बिहेवियर झाला, म्हणजे काय होईल याचा प्रमाणात काहीच नियम उरला नाही. एक अक्षरही न बदलता जुना कोड नियमबाह्य! कुठलाही एक अर्थ निवडला असता तर कुणाचा तरी चालता कोड मोडला असता, हे मान्य. पण अनडिफाइन्ड म्हटल्यावर कंपायलरला असं काही होतच नाही असं गृहीत धरायची मुभा मिळते, आणि ते जास्त महागात पडतं. म्हणून सावध मंडळी शून्य आहे का ते आधीच तपासतात आणि फ्री स्वतःच बोलावतात.