क्रँककेस वायुवीजन : टर्बो इंजिनातील

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी सिलिंडरमधला थोडा वायू त्यांच्या फटींतून निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतोच. तो सतत बाहेर काढण्याची जी सोय असते तिला क्रँककेस वायुवीजन म्हणतात. या निसटलेल्या वायूचे पुस्तकी नाव ब्लो-बाय. गॅरेजात मात्र तो ‘बॅक कॉम्प्रेशन’. विहिरीवरचे डिझेल इंजिन असो की ट्रॅक्टर, खानदेशातल्या मिस्त्रीची तपासणीची रीत एकच : इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढायचे आणि तोंडावर तळहात धरायचा.

पूर्वी हा वायू नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडत. त्यात न जळलेले इंधन असते, म्हणून १९६१ साली कॅलिफोर्नियाने तो पुन्हा इंजिनात ओढून जाळण्याची सक्ती केली आणि हा वायू इंजिनाकडे सोडणारी एकदिशा झडप, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, रूढ झाला.

साध्या पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमागच्या निर्वातामुळे हा वायू आपोआप ओढला जातो. टर्बोने, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने, हवा दाबायला सुरुवात केली (या दाबालाच बूस्ट म्हणतात) की चित्र उलटते. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मार्गात, निर्वाताऐवजी दाब असतो, पीसीव्ही व्हॉल्व्हला बंद व्हावे लागते आणि सगळा वायू हेड कव्हरवरच्या ब्रीदर नळीने टर्बोच्या तोंडाकडे जातो. हा व्हॉल्व्ह झिजून गळू लागला तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो. कंपनीने दिलेली नळी मूळ ताकदीच्या हिशेबाने बेतलेली असते. रिमॅप करून (इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून) बूस्ट वाढवला, किंवा फोर्ज्ड (घडीव) पिस्टन टाकून रिंगांच्या फटी मुद्दाम मोठ्या ठेवल्या, की वायू वाढतो आणि वाट तेवढीच राहते.

लक्षणे ओळखीची आहेत : ऑइलची पातळी पाहायच्या गेजची दांडी वर उचलली जाणे, हेड कव्हरच्या कडेने ऑइल पाझरणे, मागचे ऑइल सील फुटणे. सर्वांत महाग चूक मात्र निळ्या धुराबाबत होते. टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल केवळ उतारावर संपमध्ये (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) परत येते, त्याला पंपाचा जोर नसतो. क्रँककेसमध्ये दाब साचला की ते खाली उतरत नाही, टर्बोच्या सीलमधून बाहेर पडते आणि जळते. ‘गाडी ऑइल खास’ (ऑइल खाते) म्हणत मालक येतो, टर्बो बदलला जातो आणि काही दिवसांत नवा टर्बोही तसाच धूर मारतो. धुळ्याहून नाशिककडे जाताना लळिंगच्या चढावर, म्हणजे पूर्ण बूस्टवर धूर आला तर आधी ब्रीदर पाहावा. कन्नड घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो आणि निर्वात जोरात असतो; खाली येऊन पाय दाबताच निळा झोत निघाला, तर व्हॉल्व्हगाइडची सीले किंवा पीसीव्हीतून ओढले जाणारे ऑइल, अशी शंका घ्यावी.

सुधारणेआधी मोजमाप करावे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. पारदर्शक नळीचा उंच ‘यू’ करून त्यात पाणी भरायचे, एक टोक गेजच्या पाइपला जोडायचे, दुसरे मोकळे ठेवायचे. दोन बाजूंच्या पातळीत १० सेंमी फरक म्हणजे साधारण १० मिलीबार दाब. उभ्या गाडीचे माप फसवे असते. नळी केबिनमध्ये घेऊन चढावर शेजारच्याने वाचावे. ‘यू’ उंच हवा, नाहीतर निर्वात आल्यावर पाणी इंजिनात जाईल.

मूळ उपाय मोठ्या वाटेचा. आतला व्यास १० मिमीवरून १६ मिमी केला की छेदाचे क्षेत्रफळ अडीचपट होते. नळी ऑइल सोसणारी हवी. साध्या सिलिकॉनमधून ऑइल झिरपते, आणि ठिबकच्या नळीचा जुगाड इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडून पिचकतो, म्हणजे वाट होती त्याहून अरुंद. हेड कव्हरच्या तोंडाशी आडपडदे नसतील तर मोठी नळी वायूबरोबर ऑइलही उपसते.

पुढे कॅच कॅन येतो, म्हणजे वायूतले ऑइल धरणारा डबा. नुसता रिकामा डबा शोभेचा. आत आडपडदे किंवा स्टीलची जाळी असेल तरच ऑइलचे थेंब धरले जातात, नाहीतर ते इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) जमतात आणि पेट्रोल इंजिनात नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके, वाढवतात. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात एक्झॉस्टशेजारी बसवलेल्या डब्यात वाफ थंडच होत नाही. डबा पुढे, वारा लागेल तिथे हवा. त्याची बाहेर पडणारी नळी टर्बोच्या तोंडाला परत जोडणे उत्तम. हवेत मोकळी सोडली तर केबिनमध्ये वास येतो आणि प्रदूषण नियमांची मूळ अट मोडते. पीयूसीची तपासणी फक्त सायलेन्सरपाशी होते, म्हणून ते पकडले जात नाही एवढेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील फेरफारांवरचे निर्बंध आहेत.

रिंगा किंवा लायनर झिजले असतील तर यातले काहीही उपयोगी नाही. आधी लीक-डाउन चाचणी करावी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती गळते ते पाहावे.

डबा दर हजारेक किलोमीटरला उघडून पाहावा. हिवाळ्यात, विशेषतः घर ते दुकान अशा छोट्या फेऱ्यांत, त्यात ताकासारखा पांढुरका द्रव मिळतो : ऑइल, पाणी आणि पेट्रोल एकत्र. तो परत इंजिनात ओतू नये.