पिकअपले पिकअप नाही

"पिकअपले पिकअप नाही न बाप्पा, पोरीले पिकअप कराले उशीर होते." संत्र्याच्या मोसमात नागपूरच्या कळमना बाजारात कुणी असं म्हणालं, तर ऐकणारा कुठंच अडखळणार नाही. पहिला पिकअप म्हणजे मालाची गाडी, दुसरा तिचा जोर, तिसरा शाळेतून लेकीला आणणं.

इंग्रजीत याचा पसारा आणखी मोठा. फोन घेणं, भाषा ऐकून ऐकून शिकणं, सर्दी होणं, रेडिओला स्टेशन सापडणं, धंदा सावरणं, पोलिसांनी संशयिताला नेणं, सगळं 'पिक अप'. गिटारच्या तारांखाली चुंबक आणि वेटोळं बसवलेलं असतं, तारेचं कंपन विजेत बदलणारं, तोही पिकअपच. अशा जोडक्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ झालं लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे. ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

अर्थांचा हा ढीग वाटतो, पण त्याला मूळ आहे. 'पिक' म्हणजे वेचणं, आपल्याकडं कापूस वेचतात तसं. 'अप' म्हणजे वर. जे हाती नव्हतं ते हाती आलं, ही एक फांदी: भाषा, सर्दी, रेडिओ, लेक. दुसरी फांदी 'वर'ची: वेग, धंदा. जास्त म्हणजे वर, हे नातं भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० साली उलगडून दाखवलं. मे महिन्यात पारा चढला म्हणणाऱ्या नागपूरकराला त्यात नवल वाटू नये. पारा निदान नळीत खरोखर चढतो. संत्र्याचा भाव चढतो तेव्हा नेमकं काय चढतं?

आपलं 'उचलणं' या वाटेनं बरंच लांब गेलंय. फोन उचलतो, कुणाची लकब उचलतो, पोलीसही उचलतात. पण सर्दी कुणी उचलत नाही. आणि 'लेकीला शाळेतून उचललं' म्हणून बघा, शेजारी धावत येतील! मूळ चित्र सारखं असलं तरी कुठली फांदी फुटेल, ते ज्या त्या भाषेच्या मर्जीवर. म्हणून फ्रेजल व्हर्बच्या याद्या घोकणाऱ्या पोरांची मला दया येते. चित्र धरलं तर अर्धी यादी आपोआप लक्षात राहते, उरलेली अर्धी मात्र वापरातूनच येते.

डोकं योग्य अर्थ निवडतं कसं? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली लोकांना वाक्यं ऐकवली. त्यांत 'बग' हा शब्द होता: किडा किंवा चोरून ऐकण्याचं यंत्र. संदर्भ उघड किड्यांचा असला, तरी शब्द कानी पडताक्षणी दोन्ही अर्थ जागे होत. तीनच अक्षरं पुढं गेलं की नको तो विझलेला असे. पण 'बग'चे हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूरचे. जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांना २००२ मध्ये दिसलं, की असे परके अर्थ शब्द ओळखायला उशीर लावतात. एका कुळातल्या छटा पुष्कळ असल्या, तर उलट ओळख लवकर पटते.

संदर्भच नसला तर? कळमन्यात कुणी नुसतं "उचल झाली का?" असं विचारलं, तर अडत्याला माल आठवतो, हमालाला आगाऊ मजुरी.