एक माणूस, चार दारे: मराठवाड्यातील आरोग्य व समाजकल्याणाच्या देखरेखीची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, दिव्यांग तपासणीच्या दिवशी व्हरांड्यात बसलेली माणसे पाहिली, तर प्रत्येकाजवळ कागदांनी फुगलेली एक प्लास्टिकची पिशवी असते. प्रमाणपत्र सिव्हिलमधून मिळते, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान तहसीलमधून, कुबड्या किंवा तीनचाकी सायकल जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातून आणि दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी ग्रामपंचायतीतून. ही चार दारे एकमेकांना जोडावीत, असे शासनाचे कागद अनेक वर्षे सांगत आले आहेत. जोडणी झाली की नाही हे स्थानिक पातळीवर कोणी पाहायचे, हा प्रश्न मात्र दर वेळी मागे राहिला आणि त्याची मुळे बरीच जुनी आहेत.

प्रतिबंध आणि उपचार ही दोन कामे एकाच यंत्रणेने करावीत, अशी शिफारस आरोग्यसेवांचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये केली. ती ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होती आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली, १ नोव्हेंबर १९५६ ला हे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. बारा-तेरा वर्षांत तीन राज्यांचे कारभार पाहिलेल्या या भागाला लोकनियुक्त देखरेखीची चौकट मिळाली, ती अशी.

पण त्या चौकटीतच एक भेग होती. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे गेली, तर जिल्हा रुग्णालय आणि पुढे उभी राहिलेली ग्रामीण रुग्णालये राज्य शासनाच्या जिल्हा शल्यचिकित्सकाकडे राहिली. जिल्हा परिषदेतही आरोग्य समिती वेगळी आणि समाजकल्याण समिती वेगळी. महिला व बालकल्याण समितीची भर नंतर पडली. अलीकडे जिथे नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली, तिथे सिव्हिल त्यांना जोडले गेल्याने वैद्यकीय शिक्षण हे आणखी एक खाते मध्ये आले.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पोषण, लसीकरण, तपासणी आणि शालापूर्व शिक्षण एकत्र देणारी ही योजना नावापासूनच एकात्मिक आहे. प्रत्यक्षात तेच मूल अंगणवाडीताईंच्या, सिस्टरच्या आणि आता आशाताईंच्या अशा तीन नोंदवह्यांत असते आणि तिन्हींतले वजन जुळेलच असे नाही. मूल तीव्र कुपोषित निघाले, तर त्याला अंगणवाडीतल्या ग्राम बालविकास केंद्रातून थेट जिल्हा रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रापर्यंत जावे लागू शकते. वाटेत खाते बदलते आणि आईची मजुरी बुडते. त्या मजुरीचा विचार कोणत्या समितीने करायचा, हे सहज सांगता येत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून आरोग्य, कुटुंबकल्याण, महिला व बालविकास आणि समाजकल्याण हे सारे विषय पंचायतींच्या यादीत एकाखाली एक आले, पण यादीतले शेजारी कारभारात एकत्र नांदले नाहीत.

देखरेखीचा वेगळा प्रयत्न २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून झाला. गावोगाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समित्या झाल्या आणि त्यांना वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चता येणारा, निधी मिळू लागला. २००७ मध्ये लोकाधारित देखरेख प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे यांच्यासोबत मराठवाड्यातून तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा निवडला गेला. पाच जिल्ह्यांत मिळून २२५ गावे होती. गावकऱ्यांनी एकत्र बसून प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा आणि तो तक्ता जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचा, अशी रीत होती. निरक्षर बाईलाही लाल रंग कळतो, आणि सर्वांदेखत लाल दाखवलेल्या रकान्याचे उत्तर साहेबांना तिथेच द्यावे लागते. माझ्या मते या प्रक्रियेची खरी ताकद यातच होती. तिची मर्यादाही स्पष्ट होती. आरोग्याच्या जनसुनवाईत आरोग्य खाते उत्तर देई, पण निराधाराचे अनुदान अडल्याची तक्रार आली की ती ‘आमच्या खात्याची नाही’ ठरण्याची वाट मोकळीच होती.

शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत हीच फट अधिक जीवघेणी ठरली. २०१५ मध्ये आरोग्य विभागाने विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, तर त्याच सुमारास उस्मानाबाद व यवतमाळमध्ये जिल्हा प्रशासनाकडून ‘बळीराजा चेतना अभियान’ राबवले गेले. मृत्यूनंतर प्रकरण मदतीस पात्र की अपात्र हे ठरवणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांची. म्हणजे नैराश्याची नोंद एका कार्यालयात आणि कर्जाची व मदतीची दुसऱ्या.

२०१८ मध्ये उस्मानाबादचा केंद्राने खास लक्ष देण्यासाठी निवडलेल्या मागास, म्हणजे ‘आकांक्षित’, जिल्ह्यांत समावेश झाला आणि आरोग्य-पोषणाचे आकडे नीती आयोगाच्या फलकावर दिसू लागले. आकडे एकत्र आले, पण ते पाहणारे डोळे दिल्लीत होते. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून प्रशासक आले, निवडणुका लांबत गेल्या आणि लोकनियुक्त समित्यांची खुर्चीच रिकामी राहिली.

बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न याच पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्यानंतर तोडीला जाण्यापूर्वी व परतल्यावर तपासणीचा आग्रह धरला जाऊ लागला. तपासणी आरोग्य विभागाची, तर ऊसतोड कामगारांचे महामंडळ सामाजिक न्याय विभागाचे. दसऱ्यानंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि साधारण पाडव्याच्या सुमारास परततात. हा सगळा हिशेब जिथे विचारला जायला हवा, ती २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा या बायका उसाच्या फडात असतात.