कोरलेली की साच्यातली? जुन्या पुष्पचित्रांच्या सोनेरी चौकटी

युरोपातल्या जुन्या पुष्पचित्रांचं नाव काढलं की एक ठरलेलं रूप डोळ्यांसमोर येतं: गडद पार्श्वभूमीवर ट्युलिप, गुलाब, पिओनी यांचा भरगच्च गुच्छ आणि भोवती वेलबुट्टीची जाडजूड सोनेरी चौकट. लिलावाच्या याद्यांत हीच जोडी, मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवरच्या दुकानांतही हीच. चित्र जुनं तर चौकटही तितकीच जुनी आणि हातानं कोरलेली, असं पाहणारा धरूनच चालतो. यातल्या दोन्ही गोष्टी पुष्कळदा खऱ्या नसतात. ज्या नक्षीला आपण ‘काय कोरीव काम आहे!’ म्हणून दाद देतो, तिला कधी पटाशी लागलेलीच नसते. ती साच्यातून निघालेली असते.

आधी खऱ्या कोरीव चौकटीचं पाहू. पॅरिसमध्ये त्यासाठी बहुधा ओक वापरत, इटलीत पॉप्लर, इतरत्र लिंडन किंवा पाइन. सुतार चारही पट्ट्या जोडून चौकट उभी करी आणि त्यानंतर कोरणारा कामाला लागे. त्यामुळे वेल कोपऱ्याच्या सांध्यावरून सलग वळते. मग लाकडावर सरस आणि खडूची पूड यांच्या मिश्रणाचे थर चढत, एकावर एक, अनेक. या थरांमुळे लाकडाचे रेषे झाकले जातात, पण नाजूक नक्षीही बुजते. फ्रेंच कारागिरांनी यावर उपाय शोधला. सुकलेल्या पांढऱ्या थरातच ते बारीक हत्यारांनी पानांच्या शिरा, जाळी, फुलांचे परागकोश पुन्हा कोरत. अठराव्या शतकातल्या चांगल्या पॅरिसच्या चौकटीचा जो कुरकुरीत रेखीवपणा आपल्याला मोहवतो, तो निम्मा लाकडातला नसून त्या खडूतला आहे.

त्यावर बोल नावाच्या मऊ, बहुधा तांबड्या मातीचा हात. मग ती जागा पाण्यानं ओली करून सोन्याचा वर्ख अलगद सोडायचा, ओल त्याला ओढून घेते. सुकत आलं की अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटायचं. सुमारे 1400च्या आसपास लिहिणारा इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी घोटाईसाठी प्राण्यांचे दातही चालतात असं सांगतो. डुकाट या सोन्याच्या एका नाण्यातून वर्खवाले 145 पानं काढतात, आपण 100च काढायला लावावीत, हा सल्लाही त्याचाच. वर्खवाल्यांची काटकसर सहाशे वर्षांपूर्वीही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुपत होती म्हणायची.

दुसरा प्रकार काँपोचा. खडूची पूड, सरस, जवसाचं तेल आणि राळ एकत्र शिजवून, मळून केलेला हा लगदा. गरम असताना तो कणकेसारखा मऊ असतो. बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडात उलटी नक्षी कोरलेल्या साच्यात तो दाबायचा, निघालेलं पान किंवा फूल वाफेवर मऊ करून साध्या लाकडी पट्टीवर चिकटवायचं, हवं तसं वळवायचं. वाळल्यावर ते दगडासारखं होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये याचा जम बसला आणि एकोणिसाव्या शतकात युरोपभर चौकटींचा बाजार त्यानं व्यापला. साच्यातला मोदक आणि हातानं कळ्या पाडलेला मोदक शेजारी ठेवला की जे लगेच कळतं, तेच इथं शोधायचं: साच्यातली प्रत्येक कळी सारखी. चौकटीवर एकाच आकाराची दोन पानं निवडा, एक वरचं आणि एक खालचं. शिरेचा एखादा किंचित वाकडेपणा दोन्हीकडे तंतोतंत तोच असेल तर साचा. कोरणाऱ्याचा हात इतकी नक्कल करत नाही, आणि पानाच्या पोटाखालून आत घुसणारी पोकळी साच्याला सहसा जमत नाही, कारण लगदा तिथं अडकतो.

काँपोला हलकं समजण्याची मात्र गरज नाही. उलटा साचा कोरणं हे सुलट कोरण्याहून अवघड काम होतं. फरक इतकाच, की ते कसब एकदाच खर्च होई आणि त्यातून नक्षी हवी तितकी निघे.

तरी माझं मत विचाराल तर सर्वांत भरवशाची साक्ष नक्षी देत नाही, तडे देतात. लाकूड हवेतल्या ओलाव्यानं आडव्या अंगानं फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ हलत नाही. त्यामुळे कोरीव चौकटीत कोपऱ्यांचे सांधे उघडतात, आणि बाकीच्या भेगा लाकडाच्या रेषेनं पट्टीच्या लांबीत धावतात. काँपोचं उलटं. तो वाळताना सगळीकडून आकसतो, पण खालची पट्टी लांबीत आकसत नाही. म्हणून काँपो पट्टीला आडवा तडकतो, थोड्या थोड्या अंतरावर, आणि मग एखादा तुकडा अख्खा निखळतो. निखळलेल्या जागी खाली सपाट, कोरं लाकूड दिसलं की संशय उरत नाही. कोरीव पानाचं टोक तुटलं तर आत रेषेदार लाकूडच दिसतं. मागची बाजूही पाहावी. गोल करवतीच्या कमानदार खुणा एकोणिसाव्या शतकाकडे बोट दाखवतात. पण पाठीमागे नवी पट्टी ठोकलेल्या जुन्या चौकटी पुष्कळ असतात, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नये.

सोन्यावरून ओळखायला जाणारे इथंच फसतात. तांबड्या मातीवर घोटलेलं सोनं उंचवट्यांवर झिजलं की खालून लाली डोकावते. तेलाच्या चिकट थरावर लावलेलं सोनं घोटता येत नाही, ते मंद राहतं. पहिलं कोरीव चौकटीवर आणि दुसरं काँपोवर, असं सरळ समीकरण मांडायचा मोह होतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी एकाच काँपो चौकटीवर दोन्ही वापरलं: सपाट कडा घोटलेल्या, वेलबुट्टी मंद. शिवाय तांबड्या रंगावर पितळी वर्ख लावून तो मुद्दाम घासणारेही असतात. झीज तिथंच खरी, जिथं वर्षानुवर्षं फडकं किंवा हात फिरला असेल. खोल खाचेत, जिथं बोट पोचत नाही, तिथं लाली दिसली तर थांबावं. तांबं आणि जस्ताचा तो स्वस्त वर्ख कालांतरानं काळपट-हिरवट होतो, सोनं होत नाही.

आता चित्र आणि चौकट यांच्या वयाबद्दल. अँब्रोसियस बॉसखार्ट (1573–1621) किंवा यान ब्रूगल थोरला (1568–1625) या पुष्पचित्रकारांच्या काळात नेदरलँड्समध्ये अशा चित्रांना पुष्कळदा काळ्या चौकटी असत: एबनी, किंवा एबनीसारखं काळं केलेलं नासपतीचं लाकूड, कधी त्यावर बारीक लहरींच्या पट्ट्या. बॉसखार्ट तांब्याच्या छोट्या पत्र्यांवरही रंगवी. काळ्या कडेत ती फुलं दिवा लावल्यासारखी उठून दिसत. अठराव्या शतकात पॅरिसच्या संग्राहकांना या डच चित्रांचं वेड लागलं. त्यांच्या लाकडी तक्तपोशीच्या, सोनेरी सामानाच्या, मेणबत्त्यांच्या दालनांत काळी चौकट विजोड दिसे. त्यांनी ती उतरवून आपली सोनेरी चढवली. म्हणजे आज सतराव्या शतकातल्या डच गुच्छाभोवती अस्सल फ्रेंच राजा पंधराव्या लुईच्या काळातली कोरीव चौकट असली, तरी ती त्या चित्राची पहिली चौकट नव्हे.

राखेल रॉइश (1664–1750) आणि यान फान हॉइसम (1682–1749) या डच पुष्पचित्रकारांच्या नंतर पुष्पचित्रांची मागणी ओसरली नाही. फान हॉइसमनं पुढे गडद पार्श्वभूमी सोडून उजळ धरली. फूल समोर हवं हा त्याचा आग्रह असा, की पिवळा गुलाब उमलला नाही म्हणून चित्र अडलं, असं त्यानं 1742मध्ये एका गिऱ्हाइकाच्या माणसाला कळवलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका गुच्छावर 1736 आणि 1737 अशी दोन वर्षं आहेत. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना, कोपनहेगन आणि इतर शहरांतल्या चित्रकारांनी हीच शैली पुढे चालवली, आणि त्यांच्या खरेदीदारांच्या दिवाणखान्यांत काँपोच्या चौकटी सर्रास होत्या. तेव्हा 1850च्या गुच्छाभोवतीची काँपो चौकट त्या चित्राची मूळ जोडीदार असू शकते, आणि ‘नकली’ म्हणून ती बदलून एखादी आणखी जुनी कोरीव चौकट कापून-जुळवून बसवणं, हा मला दोघींवरही अन्याय वाटतो. अशी कापलेली चौकट ओळखू येते: कोपऱ्यावर वेल मध्येच तुटते आणि दोन अर्धी पानं एकमेकांकडे पाठ करतात.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत. तिथं गेलात तर थोडा वेळ चौकटींच्या कोपऱ्यांनाही द्या. घरी अशी चौकट असेल तर पावसाळ्यातला दमटपणा आणि नंतरचा कोरडा पंखा, हे चक्र काँपोला फार जाचतं. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्यानंच झटकावी. ओल्या फडक्यानं पाण्यावरचं घोटलेलं सोनं सरसासकट निघून येतं. बाजारी सोनेरी रंगाचा हात तर फिरवूच नये. तो काही वर्षांत तपकिरी पडतो आणि खालचं खरं सोनं न दुखवता काढणं महाकठीण. काँपोचे गळलेले तुकडे मात्र पाकिटात जपून ठेवावेत. एखादा हरवलाच, तर त्याच चौकटीवरच्या जुळ्या पानाचा ठसा घेऊन नवं पान ओतता येतं. कोरीव चौकटीला ही सोय नाही, तिथं पुन्हा कोरणाराच गाठावा लागतो.