मुक्त लेखनव्यवसाय, नाशिक
मुक्त लेखनव्यवसाय, नाशिक : कोणत्याही एका वृत्तपत्राच्या, प्रकाशनसंस्थेच्या वा कंपनीच्या हजेरीपटावर नसता कामागणिक मोबदला घेऊन केलेले लेखन आणि त्यावर उभारलेली उपजीविका. यात लेख, सदर, भाषांतर, शब्दांकन, पटकथा, जाहिरातीचा मजकूर, अभ्याससाहित्य, माहितीपत्रके व संपादन-मुद्रितशोधन ही सर्व कामे येतात. हौसेने वा नोकरी सांभाळून केलेल्या ललित लेखनाचा विचार येथे आवश्यक तेवढाच केला आहे.

*पूर्वपीठिका.* मराठीत लेखणीवर पोट भरण्याचा प्रारंभ कुठून धरावा, याबद्दल एकमत नाही. एक मत १८५१च्या दक्षिणा प्राइज कमिटीपर्यंत मागे जाते. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाकडे वळवण्यात आला आणि ग्रंथकर्त्याच्या, पुष्कळदा भाषांतरकाराच्या, हाती हस्तलिखितापोटी रोख रक्कम पडू लागली. तथापि या ग्रंथकारांपैकी बरेचसे सरकारी खात्यांत नोकरीस होते. बक्षीस ही त्यांची वरकड मिळकत होती. दुसरे मत काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५मध्ये सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकाला आणि विशेषतः त्याच्या १९०९च्या दिवाळी अंकाला महत्त्व देते. मराठीतला हा पहिला दिवाळी अंक मानला जातो. वर्षातून एकदा अनेक लेखकांकडून मागणी करून मजकूर मिळवण्याची रीत त्यातून रुळली आणि पुढे मानधनाची वाटही बरीचशी तिथूनच निघाली, हे खरे. परंतु त्या पिढीतले हरिभाऊ आपटे पुण्याच्या आनंदाश्रम या संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेची व्यवस्था पाहत होते, आणि पुढच्या पिढीतले वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्यास शिक्षक होते. सबब या टप्प्यावर लेखनाला बाजार मिळाला, चरितार्थ मिळाला नाही, असे म्हणणे अधिक योग्य. तिसरे मत दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ धरते. दैनिकांचा विस्तार, आकाशवाणी, व्यावसायिक रंगभूमी आणि रहस्यकथांची स्वस्त पुस्तके या चारही गोष्टी तेव्हा एकत्र आल्या. हजाराहून अधिक पुस्तिका लिहिणारे बाबूराव अर्नाळकर हे त्याचे ठळक उदाहरण. नाशिकपुरते पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

नाशिकमध्ये वाचकवर्ग जुना आणि पैसे देणारा छापखाना त्या मानाने नवा, अशी स्थिती आहे. सार्वजनिक वाचनालय १८४०चे. स्थानिक मजकुराला नियमित जागा देणारी ‘गांवकरी’, ‘देशदूत’ ही वृत्तपत्रे मात्र विसाव्या शतकातली. दादासाहेब पोतनीसांच्या ‘गांवकरी’ संस्थेचेच ‘अमृत’ हे डायजेस्ट धाटणीचे मासिक होते. संक्षेप, रूपांतर, चरित्रकथा, विज्ञानवार्ता असा आटोपशीर मजकूर अशा मासिकाला दर महिन्याला लागतो. नाव न झालेल्या लेखकाला शिरकाव करून घेण्याजोगी ही जागा होती, आणि तिचे मोल वाङ्मयाच्या इतिहासांनी पुरेसे जाणलेले नाही.

नामवंतांची उदाहरणे या संदर्भात काळजीपूर्वक वाचली पाहिजेत. कुसुमाग्रजांनी (वि. वा. शिरवाडकर, १९१२–१९९९) उमेदवारीच्या काळात नाशिकच्या गोदावरी सिनेटोन या चित्रपटसंस्थेत आणि पुढे नियतकालिकांच्या संपादकवर्गात काम केले. नाटककार वसंत कानेटकर नाशिकच्या हं. प्रा. ठा. (हंसराज प्रागजी ठाकरसी) महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांच्या नाट्यलेखनाला प्रयोगागणिक मानधनाच्या व्यावसायिक पद्धतीचा आधार होता. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी छापील पुस्तकांपेक्षा कार्यक्रमांतून आणि जलशांतून गावोगाव पोहोचली. शब्दांची बिदागी मंचावर मिळते, या जुन्या शाहिरी परंपरेचा तो धागा होता. पूर्णवेळ लेखक या कसोटीस सर्वांत जवळचे उदाहरण विहितगावचे बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांचे. अंगमेहनतीच्या अनेक नोकऱ्या केल्यानंतर सुमारे १९६८पासून त्यांनी लेखनालाच वाहून घेतले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने नाशकात १९४२ (अध्यक्ष प्र. के. अत्रे), २००५ (केशव मेश्राम) आणि २०२१ (जयंत नारळीकर) या वर्षी भरली. त्यांनी शहराचा लौकिक वाढवला. मुक्त लेखकाची रोजची मिळकत मात्र नेहमी दुसरीकडूनच येत राहिली.

*कामाचे प्रकार.* सर्वांत स्थिर काम शैक्षणिक लेखनाचे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९मध्ये नाशिकला स्थापन झाले आणि दूरशिक्षणाच्या गरजेतून मराठीत स्वयंअध्ययन-साहित्य लिहिण्याची एक वेगळी शिस्त येथे रुजली. अशा पुस्तकात प्रकरण नसते, घटक असतो. प्रत्येक घटकाला उद्दिष्टे, प्रास्ताविक, विषयविवेचन, मधूनमधून स्वयंअध्ययनासाठी प्रश्न, सारांश, शब्दार्थ आणि शेवटी प्रश्नांची उत्तरे असा क्रम ठरलेला. समोर शिक्षक नाही, विद्यार्थी रात्री कामावरून येऊन एकट्याने वाचणार आहे, हे धरून वाक्य लिहावे लागते. विषयतज्ज्ञ लेखक, अनुदेशन-तंत्र (शिकवण्याच्या दृष्टीने मांडणी) पाहणारा संपादक आणि भाषासंपादक अशी कामाची वाटणी या प्रकारच्या लेखनात असते. यांतल्या तिसऱ्या भूमिकेत मुक्त लेखकाला वाव जास्त, आणि साध्या, अचूक मराठीची तालीम मिळण्यास याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

दुसरा मोठा प्रकार शेतीविषयक मजकुराचा. १९७१च्या कीटकनाशक नियमांनुसार औषधाच्या वेष्टनावरील मजकूर हिंदी व इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही द्यावा लागतो. द्राक्ष व कांद्याच्या या जिल्ह्यात त्यामुळे मराठी भाषांतराची मागणी कायम असते. हे काम वरकरणी सोपे दिसते, पण तसे नाही. द्राक्षावरील बुरशीजन्य रोगांना दिंडोरी-निफाडकडचा बागायतदार ‘डाऊनी’ आणि ‘भुरी’ म्हणतो. ‘डाऊनी’साठीचा पुस्तकी ‘केवडा’ एकटा छापला तर माहितीपत्रक बाजूला पडते. मात्रा एकरी दिली आहे की लिटरमागे, ती द्राक्षवेलीच्या उन्हाळी खरड छाटणीनंतरची की फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतरची, आणि शेवटची फवारणी व काढणी यांत किती दिवस सोडायचे, यांतले एखादे वाक्य संदिग्ध राहिले तर निर्यातीचा माल औषधाच्या उर्वरित अंशापायी नाकारला जाऊ शकतो. भाषांतरकाराने बागेत जाऊन शब्द ऐकावेत, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही.

इतर कामे अशी : सातपूर, अंबड व सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतून यंत्रांच्या वापरपुस्तिका, सुरक्षा-फलक व संकेतस्थळांचा मजकूर. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. शंभरी गाठलेल्या शिक्षणसंस्थांचे इतिहास, स्मरणिका, गौरवग्रंथ. आकाशवाणीवरील भाषणे व रूपके. आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थाच्या निमित्ताने निघणाऱ्या पुस्तिका. तालुक्याच्या गावांतून मानधनावर बातम्या पाठवणारे वार्ताहर याच वर्गात मोडतात. त्यांना श्रमिक पत्रकार म्हणून मिळणारी संरक्षणे बहुधा लागू होत नाहीत. मुंबईतल्या प्रकाशक वा जाहिरात संस्थांकडे सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन रात्री परतणे, हा एके काळी धंद्याचा भागच होता. ई-मेलने ती निकड संपवली.

*लेखनावरील हक्क.* या व्यवसायातली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महाग पडणारी बाब ही आहे, म्हणून तिचा विस्तार येथे केला आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार (कलम १७) कृतीचा पहिला मालक तिचा लेखक. वृत्तपत्राच्या नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराचा प्रसिद्धीपुरता हक्क, उलट करार नसेल तर, मालकाकडे जातो. पण मुक्त लेखक नोकरीत नसतो, त्यामुळे हा अपवाद त्याला लागू होत नाही. छायाचित्र, चित्र वा चित्रपट मोबदला देऊन करवून घेतला तर हक्क करवून घेणाऱ्याकडे जातो; लिखित मजकुराचा या तरतुदीत समावेश नाही. ‘पैसे दिले म्हणजे लेख आमचा’ हा व्यवहारात सर्रास ऐकू येणारा दावा कायद्याला धरून नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

मात्र दोन ठिकाणी सावध राहावे लागते. शासनाच्या निर्देशाखाली तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, शासन असते. तीच गोष्ट सार्वजनिक उपक्रमाची, आणि त्या व्याख्येत राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या निगम-संस्थाही येतात. विद्यापीठांसाठी केलेले अभ्याससाहित्य या कक्षेत येऊ शकते. म्हणजे शैक्षणिक लेखनाला सामान्य नियम लावून चालत नाही, करारपत्रच वाचावे लागते.

हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशी असल्याशिवाय वैध ठरत नाही (कलम १९). करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. घेणाऱ्याने एक वर्षात हक्क वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो लेखकाकडे परत येतो. दिवाळी अंकाला दिलेला आणि न छापलेला लेख वर्षानुवर्षे अडकून पडल्याची तक्रार करणाऱ्यांना ही तरतूद सहसा ठाऊक नसते. हक्क विकल्यानंतरही आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि मानहानिकारक मोडतोडीस हरकत घेण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ राखून ठेवते.

शब्दांकनाचा प्रश्न याहून नाजूक. एखाद्या उद्योजकाने वा कार्यकर्त्याने आठवणी सांगायच्या आणि लेखकाने त्या पुस्तकरूप करायच्या, हा प्रकार नाशकात चांगलाच रुळला आहे. कल्पनेवर वा हकिकतीवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. त्या न्यायाने शब्दांकन करणाऱ्याचा दावा भक्कम ठरतो. मुखपृष्ठावर नाव कोणाचे, ‘शब्दांकन’ असा उल्लेख कुठे आणि पुढच्या आवृत्तीचे काय, हे पहिली ध्वनिफीत उतरवण्याआधीच लिहून घेणे दोन्ही पक्षांच्या हिताचे.

*मोबदला व कर.* भाषांतर शब्दागणिक, मुद्रितशोधन पानावर वा फर्म्यावर (एका वेळी छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचावर), सदर लेखागणिक आणि ग्रंथ ठोक रकमेवर, अशी आकारणी चालते. ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी केलेल्या सूक्ष्म व्यावसायिकाला २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्क आहे. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सामान्यतः वस्तू व सेवा कर नोंदणी लागत नाही. १९६१च्या आयकर कायद्यातील ग्रंथ-स्वामित्वधनावरची तीन लाखांपर्यंतची वजावट (कलम ८०क्यूक्यूबी) नियतकालिके, वृत्तपत्रे, मार्गदर्शके व शालेय पाठ्यपुस्तके यांना नव्हती आणि नव्या करप्रणालीतही ती मिळत नसे. मुक्त लेखकाची बहुतेक मिळकत अशा रीतीने तिच्याबाहेर पडे. ठरावीक व्यवसायांसाठीच्या अनुमानित आकारणीत, म्हणजे मिळकतीचा ठरावीक हिस्सा नफा धरून होणाऱ्या करआकारणीत (कलम ४४एडीए), कथा, पटकथा, संवाद व गीतलेखक ‘चित्रपट कलावंत’ म्हणून येत. लेख व भाषांतर करणाऱ्यांना ती लागू होते का, याविषयी करसल्लागारांत मतभेद राहिले.

*साधने.* युनिकोडमुळे मजकुराची देवघेव सोपी झाली, तरी छपाईसाठी जुन्या टंकप्रणालीत रूपांतर करणारी मुद्रणालये अजून आहेत. या रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांची अदलाबदल ही त्यातली नेहमीची चूक. म्हणून रूपांतरानंतरचे मुद्रित पुन्हा तपासण्याचे काम मूळ लेखकाकडे येते, आणि त्याची आकारणी वेगळी ठरवली जाते. यंत्र-भाषांतराच्या प्रसारानंतर कच्चा मसुदा सुधारून देण्याचे काम वाढले असून त्याचा दर नव्या भाषांतरापेक्षा कमी धरण्याकडे कल दिसतो.