वेराबिलावर नाव कुणाचं?

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदी 25 फुटांची धोक्याची खूण ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली. बडोद्याच्या निम्म्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या तळमजल्यावरच्या काकू दोन रात्री वरच्यांकडे राहिल्या. पाणी उतरल्यावर सर्वेवाले आले, तेव्हा काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेलं रेशनकार्ड पुढे केलं. त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचंच नाव. वेराबिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, मात्र सात वर्षांपूर्वी वारलेल्या काकांच्या नावाचं. घरवखरीचा, म्हणजे घरसामानाच्या मदतीचा, फॉर्म तिथेच अडला. भिजून फुगलेला पलंग, चिखलानं भरलेलं फ्रिज समोर दिसत होतं, पण 'घरधनी कोण?' हा प्रश्न काही सुटेना.

रेशनकार्डावर काकू प्रमुख झाल्या त्या 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे. त्याच्या 13 व्या कलमानुसार घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख मानली जाते. आपत्तीच्या मदतीत मात्र बाईची वेगळी नोंद व्हायला फार माणसं जावी लागली.

एप्रिल 1991 च्या बांगलादेशातल्या चक्रीवादळात सुमारे 1 लाख 40 हजार माणसं मेली. 20 ते 44 वयोगटात हजारी 71 बायका गेल्या, पुरुष 15. इशारा बाजारात, चावडीवर पोचला, म्हणजे पुरुषांपर्यंत. बायका घरात, लेकरं काखेला, घरच्यांची वाट बघत. पाण्यात साडी पायात अडकली. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची कशी, ही धास्ती वेगळीच. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यातही तेच दिसलं: 391 बायका आणि 146 पुरुष. हे आकडे वाचताना मला अजून आवंढा गिळावा लागतो, कारण यातल्या कितीतरी जणी वाचू शकल्या असत्या.

आपल्या मराठी मुलखात किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे 30 सप्टेंबर 1993 नंतर, एक वेगळी गोष्ट घडली. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांना 'संवाद सहायक' नेमलं. पैसे कशासाठी आलेत, भिंत कशी बांधायची, हे बायका गावाला समजावून सांगू लागल्या. 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या अशाच बायका तिकडे गेल्या आणि घर गमावलेल्या बायकांशी बोलल्या. बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. गुजरातच्या त्या पुनर्वसनात नवी घरं नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचं धोरणही आलं. माझ्या मते त्या सगळ्या कामातलं हे सर्वांत मोलाचं पाऊल.

पुढे 2003 मध्ये गुजरातचा आणि 2005 मध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. देशाच्या कायद्याचं 12 वं कलम मदतीच्या किमान दर्जात विधवा आणि अनाथांसाठी खास तरतुदी सांगतं. 61 वं कलम मदत देताना स्त्री-पुरुष असा भेद करायला मनाई करतं. 2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत छावणीत बायकांसाठी वेगळे संडास-न्हाणी आणि सॅनिटरी पॅड आले. आपत्तीत नवरा गेलेल्या बाईला तसा दाखला 15 दिवसांत मिळावा, असंही त्यात आहे.

आता 2024 च्या त्याच पुरातली, लोकांना आसऱ्याला ठेवलेली एक शाळा. तिथे आम्ही खिचडी घेऊन गेलो होतो. ताटं रिकामी होत होती, पण पाण्याच्या बाटल्या बायका बाजूला सारत होत्या. एक ताई हळूच म्हणाली, "पाणी नको हो, मग जावं लागतं." संडास व्हरांड्याच्या टोकाला, बल्ब नाही, कडी तुटलेली. दुसऱ्या फेरीत आम्ही बल्ब, कडी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले पॅड नेले. त्यातली सगळ्यात आधी कडी बसवली.

काकूंसाठी पंधरा दिवसांचा तो नियम कामाचा नव्हता, काका काही पुरात गेले नव्हते. त्यांनी तलाठ्याकडे चार खेटे घालून पेढीनामा, म्हणजे वारसांची नोंद असलेला कागद, केला, मग वेराबिलावर नाव चढवायचा अर्ज दिला. दिवाळीनंतर नवं बिल आलं. आता ते रेशनकार्डाबरोबर त्याच पिशवीत, त्याच माळ्यावर आहे.