अंगणातल्या तुळशीचं औषध आलं कुठून?

पावसाळ्यात घरात कुणाला पडसं झालं की आजी अंगणात जायची. वृंदावनाला हात जोडायची आणि मगच तुळशीची सात-आठ पानं खुडायची. रविवारी, द्वादशीला आणि दिवेलागणीनंतर पान तोडायचं नाही, हा नियम तिने कधी मोडला नाही. शनिवारी कुणी शिंकताना दिसलं, तर उद्याची पानं ती आदल्या दुपारीच आणून ठेवायची. ती खलात ठेचून फडक्यातून पिळली की जेमतेम अर्धा चमचा काळपट हिरवा रस निघायचा. त्यात मध आणि चिमूटभर सुंठ. चाटण जिभेला आधी तिखट, मग कडू लागायचं आणि घशात ऊब उतरायची.

ही तिखट, कडू, उष्ण चव आणि तुळशीचा उपयोग, या दोन्ही गोष्टी आयुर्वेदाच्या ग्रंथांत नोंदलेल्या आहेत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. चरकसंहितेत तुळस ‘सुरस’ किंवा ‘सुरसा’ या नावाने येते. श्वासावर, म्हणजे दम्यासारख्या विकारांवर, चालणाऱ्या दहा औषधांचा एक गट चरकाने सांगितला आहे. त्यात शटी, पुष्करमूळ, वेलदोडा, हिंग यांच्या जोडीला सुरसा आहे. पुढे अन्नपदार्थांचे गुण सांगताना उचकी, खोकला, विष, दमा आणि बरगडीतलं दुखणं एवढ्यांवर ती चालते असं म्हटलं आहे. ती कफ आणि वात कमी करते, दुर्गंधी घालवते. त्याच श्लोकात आणखी एक शब्द आहे: ‘पित्तकृत्’. म्हणजे ती पित्त वाढवते. औषधाचा गुण सांगताना त्याच दमात दोषही सांगून टाकायचा, ही जुन्या वैद्यांची शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण तुळशीच्या पुढच्या कहाणीत नेमका हाच शब्द हरवला.

सुश्रुताने तर तिच्या नावाचा एक अख्खा गणच केला, सुरसादी गण. सर्दी, खोकला, दमा, अरुची, कृमी यांवर तो सांगितला आहे आणि जखम स्वच्छ करण्यासाठीही. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात ‘तुळसी’ हे आपलं ओळखीचं नाव ठळकपणे दिसतं. सोबत ‘सुलभा’ म्हणजे सहज मिळणारी, ‘बहुमंजरी’ म्हणजे खूप मंजिऱ्या येणारी, अशी तिची लाडकी नावंही आहेत. पांढरी आणि काळी तुळस गुणांनी सारखीच, असंही ग्रंथकार भावमिश्राने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. रोपवाटिकेत कृष्ण तुळशीला जास्त पैसे मोजताना हे वाक्य आठवायला हरकत नाही.

सुलभा हे नाव खरं ठरलं ते धर्मामुळे. कुठलीही वनस्पती औषधी असली म्हणून घरोघरी लावली जात नाही. अडुळसा खोकल्यावर तुळशीपेक्षा कमी नाही, पण तो कुंपणाला राहिला. तुळस दारात आली, तिला वृंदावन मिळालं, रोजचं पाणी मिळालं, कार्तिकात तिचं लग्न लागू लागलं. पंढरीच्या वाटेवर बायका तिला डोक्यावर घेऊन चालतात आणि वारकऱ्याच्या गळ्यात तिच्याच काष्ठाची माळ असते. वैद्य दहा कोसांवर असला तरी औषध चार पावलांवर होतं. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या की झाड बी धरण्याऐवजी पानं फुटण्यावर जोर देतं. देवाला वाहायला म्हणून खुडलेल्या मंजिऱ्यांनी हे काम आपोआप केलं.

अंगणातली तुळस म्हणजे काय, हे सत्तेलाही ठाऊक होतं. पोर्तुगीज गोव्यात १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांनी घराच्या आवारात तुळस ठेवू नये, असेल तर उपटून टाकावी, असा हुकूम होता. तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरांसमोर चौथऱ्यावर उभा असलेला क्रूस पाहिला की वृंदावनाची आठवण होतेच. अशा हुकमाने फक्त पूजा बंद होत नाही. खोकल्याचं घरगुती औषधही दारातून जातं.

युरोपच्या शास्त्राने या झाडाला दोनदा नाव दिलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ‘ऑसिमम टेन्युइफ्लोरम’ आणि १७६७ मध्ये ‘ऑसिमम सँक्टम’, म्हणजे पवित्र, अशी नोंद केली. दोन्ही नावं एकाच झाडाची निघाली. नियमाने आधीचं नाव ग्राह्य धरलं जातं, तरी आपल्याकडच्या शोधनिबंधांत अजून सँक्टमच जास्त भेटतं.

मुंबईची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक राहिलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १९०३ मध्ये लंडनच्या टाइम्सला एक पत्र लिहिलं. व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे आपली राणीची बाग, उभारली जात असताना तिथल्या कामगारांना डासांनी हैराण केलं होतं. हिंदू व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून बागेच्या कडेने सगळीकडे तुळस लावली, तेव्हा डास हटले आणि बागेत राहणाऱ्या माळ्यांचा ताप गेला, असं त्यांनी लिहिलं. मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला १८९७ मध्ये सापडला होता, त्यामुळे पत्राची चर्चा होणं साहजिकच होतं. पण ही आठवण चाळीस वर्षांनंतरची आहे. तिथे कुणी डास मोजले नव्हते, तापाचे रोगी मोजले नव्हते. तुळशीच्या तेलाने डास काही वेळ दूर राहतात हे प्रयोगात दिसतं. कुंडीतल्या झाडाने मलेरिया टळतो हे त्यावरून ठरत नाही. बर्डवुड यांचं पत्र मला तरीही प्रिय आहे, कारण त्यात एका साहेबाने इथल्या हिंदू व्यवस्थापकांचं ज्ञान मान्य केलं आहे.

त्याच सुमारास आपल्याकडेही हे ज्ञान नव्याने मांडायची धडपड सुरू होती. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी मराठीतून आयुर्वेद घरोघरी नेला आणि १९०७ मध्ये नाशिकला वैद्यांचं अखिल भारतीय संमेलन उभं केलं. मुंबईचे डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बी. डी. बसू यांच्यासह भारतीय औषधी वनस्पतींचा सचित्र महाग्रंथ सिद्ध केला. तो १९१८ मध्ये आला, तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते.

मग तुळस प्रयोगशाळेत गेली. तिच्या सुगंधी तेलात युजेनॉल सापडतं, लवंगेला वास आणि झोंबरेपणा देणारं तेच द्रव्य. दाढदुखीवर लवंग आणि घशाला तुळस, यांत एक रासायनिक नातं आहे. मात्र जात, जमीन, हंगाम बदलला की तेलातलं प्रमाणही बदलतं, त्यामुळे दोन घरांतल्या तुळशी औषध म्हणून एकसारख्या असतीलच असं नाही. लखनौच्या भार्गव आणि सिंग यांनी १९८१ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि ताण सहन करण्याची क्षमता वाढवणारी वनस्पती म्हणून तुळशीची नवी ओळख सुरू झाली. १९९६ मध्ये मधुमेहाच्या ४० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तुळशीची पानं घेतल्याच्या काळात उपाशीपोटीची साखर सरासरी २१ मिलिग्रॅमने आणि जेवणानंतरची सुमारे १६ मिलिग्रॅमने कमी भरली. आशा वाटावी असा आकडा आहे, पण माणसं चाळीस आणि काळ काही आठवड्यांचा. २०१७ च्या एका आढाव्यात माणसांवरचे २४ अभ्यास तपासले गेले. निष्कर्ष अनुकूल होते आणि गंभीर अपाय दिसला नाही, पण बहुतेक अभ्यास छोटे, अल्पकाळाचे आणि वेगवेगळ्या मात्रेचे होते.

जाहिरातींनी यातला ‘पण’ तेवढा गाळला. तुळस ओझोन सोडते, रात्रीही प्राणवायू देते, असली वाक्यं शाळकरी निबंधांपर्यंत पोचली. रात्री तुळसही इतर झाडांसारखा प्राणवायू घेतेच. अशा खोट्या मोठेपणाची तिला गरज नाही.

करोनाच्या साथीत २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने काढ्याची शिफारस केली: तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन, काळी मिरी एक भाग. या भरडीचे तीन ग्रॅम दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात घालून, दिवसातून एकदा-दोनदा. आमच्या ओळखीत लोक तो भांडंभर करून दिवसभर पीत होते. उन्हाळा, त्यात चारही जिनसा उष्ण. छातीत जळजळ, तोंडात फोड अशा तक्रारी घेऊन फोन यायला लागले, तेव्हा चरकाचं ‘पित्तकृत्’ मला पहिल्यांदा नीट समजलं.

चहात चार पानं टाकणं वेगळं आणि अर्काच्या गोळ्या रोज घेणं वेगळं. साखरेची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल, दिवस गेले असतील, तर अर्क सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आजीच्या चाटणात मी एकच बदल केला आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात भाचीचं सात महिन्यांचं बाळ शिंकायला लागलं, तेव्हा त्याला डॉक्टरांकडे नेलं आणि खल बाळाच्या आईसाठी काढला.